रबर नसलेली बाटली

“आधी तो पाय थांबव,” आप्पा म्हणाले. “सगळं बाकडं हलतंय.”

मी गुडघ्यावर हात दाबून धरला. दोन मिनिटं थांबला, परत सुरू. बसल्या जागी उजवी टाच वरखाली, वरखाली. दिल्लीतल्या एका सरकारी इमारतीचा तिसरा मजला, डिसेंबरातली सकाळ, दहा वाजून गेले तरी खिडकीबाहेर धुकं. बाकावर आम्ही तिघं, मी, माझे कोच मगदूम आप्पा आणि शहापुरे वकील. समोरच्या बंद दाराआड माझ्या अपिलाची सुनावणी व्हायची होती. साडेअकराची वेळ दिली होती.

“दशमी खा,” आप्पांनी फडकं सोडलं. “आमच्या हिनं तुझ्यासाठी दिलीय. शेंगाची चटणी पण आहे.”

“नको.”

“काल रेल्वेत पण खाल्लं नाहीस. आत चक्कर येऊन पडलीस तर म्हणतील, बघा, अजून काहीतरी घेऊन आलीय.”

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, परत गेले. शिपाई माझ्याकडं बघत होता. बघ म्हटलं, बघ. तुला काय जातंय?

शहापुरे वकील सांगलीचे, वयानं चाळिशीच्या आतले. असली केस त्यांनी कधी चालवली नव्हती, पण माझे कागद त्यांनी पाठ केले होते. त्यांनी फाईल मांडीवर उघडली.

“रोहिणी, बसा. शेवटचं एकदा बघून घेऊ. ते एकच गोष्ट विचारणार. औषध अंगात आलं कुठनं? ते सांगता आलं नाही तर बाकीचं बोलून काही उपयोग नाही. खोकला होता तुम्हाला?”

“नाही.”

“घरात कुणी औषध दिलं? काढा, गोळी, काही?”

“नाही हो.”

“शर्यतीच्या दिवशी काय काय प्यायलात?”

“पाणी. लिंबूसाखरमीठ. शेवटच्या चढाआधी काळी कॉफी, गुळाची. सगळ्याच पोरी पितात.”

“मग कुठनं आलं?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. हे वाक्य मी आठ महिन्यांत इतक्या वेळा म्हटलं होतं की तोंड उघडलं की तेच बाहेर पडायचं.

नऊ महिन्यांपूर्वी विजापूरजवळ सायकलची राष्ट्रीय रोड स्पर्धा झाली. ऐंशी किलोमीटर, शेवटाला अंगावर येणारा चढ. मी तिसरी आले. पहिल्या तिघींची लघवी तपासायला घेतात, तशी माझी घेतली. पाच आठवड्यांनी कागद आला, टर्ब्युटालिन सापडलं. ते काय असतं तेसुद्धा मला माहीत नव्हतं. खोकल्याच्या औषधात असतं म्हणे, श्वासनळी मोकळी करतं, म्हणून खेळाडूंना बंदी. कितीही कमी सापडलं तरी बंदीच. पहिल्या सुनावणीत मी ‘माहीत नाही’ म्हणाले आणि त्यांनी दोन वर्षं ठोकली.

तेव्हा मी तेवीस वर्षांची. रेल्वेत खेळाडू म्हणून लागलेली, अजून कायम व्हायची होते. बंदी उठली नाही तर नाव कमी करू, असं साहेबांनी तोंडावर सांगितलेलं. आणि नोकरीचं एक वेळ राहू दे, फेब्रुवारीत आशियाई स्पर्धेची निवड होती आणि माझ्या वेळा इतक्या चांगल्या कधी आल्याच नव्हत्या. गावात तर विचारायलाच नको. जत्रेत एका बाईनं माझ्या आईला चारचौघींत विचारलं, “तुझी लेक अजून औषध पिऊन सायकल मारती व्हय?” आई नारळ तसाच हातात घेऊन घरी परत आली.

“झेरॉक्सच्या दोन प्रती कमी आहेत,” वकील उठले. “खाली जाऊन येतो. तुम्ही जरा डोळे मिटून बसा. आठवा. काहीही असो, बारीकसारीक का असेना.”

ते गेले. मी डोळे मिटले नाहीत.

आप्पांनी दशमीचं फडकं परत बांधलं, पिशवीत ठेवलं आणि पिशवीतून दुसरं काहीतरी काढलं. रुमालात गुंडाळलेलं. बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि रुमाल सोडला.

आत तपकिरी रंगाची छोटी प्लास्टिकची बाटली होती. पांढरं झाकण.

माझी टाच थांबली.

आता ही बाटली काय ते सांगायला पाहिजे. मिरजेत आप्पांचं सायकलचं दुकान. तीस वर्षं झाली, रोज पहाटे पाच वाजता म्हैसाळ रोडवर पोरी जमवायच्या, मागनं लुना घेऊन निघायचं, गळ्यात स्टॉपवॉच. एक पैसा नाही घेतला कुणाकडनं. तेव्हा आम्ही बारा जणी होतो. आप्पांचं एक खास तंत्र होतं. खोकल्याच्या औषधाची बाटली जर्सीच्या मागच्या खिशात बरोबर बसते, एका हातानं झाकण फिरतं, पडली तरी फुटत नाही. म्हणून दुकानासमोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर रिकाम्या बाटल्या आमच्यासाठी पोत्यात टाकून ठेवायचा. त्या आणायच्या, लेबल काढायचं, सोडा टाकलेल्या गरम पाण्यात दोनदा धुवायच्या. जिची बाटली तिनं धुवायची. धुतली की आप्पांना दाखवायची. आप्पा आत बोट घालून वास घेणार आणि मग जुन्या ट्यूबचं कापलेलं काळं रबर बाटलीच्या गळ्यात चढवणार. रबर असलं की धुतलेली, नसलं की नाही. शर्यतीच्या सकाळी त्यात कॉफी भरायची. चढाआधी प्यायची आणि रस्त्याकडंला फेकायची. शर्यत संपली की आप्पा मागं चालत जाऊन सगळ्या बाटल्या गोळा करायचे. दुसऱ्या क्लबची पोरं हसायची. “भंगारवाले आले,” म्हणायची.

वकिलांनी मला काय प्यायलात ते विचारलं होतं. कशातनं प्यायलात, हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.

“ही विजापूरची,” आप्पा म्हणाले. “चढाच्या अलीकडं बाभळीखाली मिळाली. त्या दिवशी सात बाटल्या गोळा केल्या. सहांना रबर होतं.”

मी बाटलीचा गळा बघितला. रबर नव्हतं.

“रिपोर्ट आला त्या दिवशी दुकानात जाऊन बाटल्यांची पेटी उघडली. तेव्हाच कळलं.”

“तेव्हाच?” माझा आवाज चिरकला. “म्हणजे आठ महिने तुम्हाला—”

“तुला पण की.”

बया! अंगातनं एकदम वारं गेलं. आठ महिने हा माणूस लॉजच्या आचाऱ्याला भेटत होता, मेसवाल्या काकूला भेटत होता, मी खाल्लेल्या चिक्कीचं पाकीटसुद्धा त्यानं तपासायला पाठवलं होतं. आणि मी त्यांच्याबरोबर फिरत होते. “ह्यात असेल का हो आप्पा? त्यात असेल का?” दोघं मिळून शोधत होतो आणि दोघांनाही माहीत होतं.

“मग का फिरत होता?” मी विचारलं. मला राग आला होता. खोटं का सांगू, लाज वाटायची त्या जागी मला राग आला होता.

“फिरता फिरता तू सांगशील म्हणून,” आप्पा म्हणाले. “एक महिना वाट बघितली. मग दोन. म्हटलं, पोरगी भ्यालीय. आज सांगेल, उद्या सांगेल.”

विजापूरच्या लॉजवर त्या सकाळी मी बाटली काढली तर झाकणाला तडा. सव्वापाच वाजलेले. स्टोव्हवरचं गरम पाणी संपलेलं, खालच्या नळाला गार पाणी, आणि मला केस बांधायचे होते, नंबर लावायचा होता. बरोबर आणलेल्या पोत्यातनं नवीन बाटली घेतली. झाकण उघडलं तर गोड वास आला, तळाला जरा चिकट होतं. नळाखाली धरली, एकदा हलवली, ओतून दिली. एवढंच. मग कॉफीच्या किटलीपुढं रांगेत उभी राहिले.

“धुतली का?” आप्पांनी विचारलं होतं.

“हो.”

“रबर?”

“तुटलं.”

आणि त्यांनी भरून दिली. मागं पाच पोरी उभ्या होत्या. गडबड होती.

हे कुणाला सांगणार? आमच्याकडं एका पोरीनं न धुता बाटली वापरली आणि तिचं पोट बिघडलं, तेव्हा आप्पांनी तिला महिनाभर रस्त्यावर येऊ दिलं नव्हतं. नुसतं बाटलीसाठी! मला वाटलं, सांगितलं तर हाकलून देतील. मग वाटलं, एका घोटानं काय होतंय, दुसरंच काहीतरी असेल. मग वाटलं, आता इतक्या उशिरा सांगितलं तर सगळे म्हणतील, आधी का नाही बोललीस? असं करत करत दिल्ली आली.

“मी आत सांगते,” मी म्हणाले. “खरं ते सांगते. मी धुतली नाही. सांगून टाकते, सुटले एकदाची.”

“सुटत नाहीस,” आप्पा म्हणाले. “वकिलाला विचारलं मी काल. तू झोपलेलीस तेव्हा. म्हटलं, समजा एखादीनं स्वतःच्या हलगर्जीपणानं असं काही घेतलं असेल तर? तर म्हणाला, दोन वर्षांतले चार-सहा महिने कमी होतील, नाहीतर तेवढेही नाही. आणि समजा कोचनं दिलं, पोरीला पत्ताच नाही? तर म्हणाला, मग झाली तेवढी शिक्षा पुरे म्हणून सोडतील.”

मला अजून उमगलं नव्हतं. म्हणजे उमगलं होतं, पण डोकं घ्यायला तयार नव्हतं.

“मी सांगणार आहे,” आप्पा म्हणाले, “की बाटली मी पोत्यातनं काढली, मी भरली आणि हिच्या हातात दिली. वकील आला की त्याला सांगतो. तू फक्त हो म्हणायचं.”

“तुम्ही खोटं बोलणार?”

मी हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की शिपाई वळला. कारण तुम्हाला आप्पा माहीत नाहीत. एकदा एका बड्या माणसानं त्याच्या पोरीचं वय दोन वर्षांनी कमी लिहून मागितलं होतं. बदल्यात क्लबला सहा नव्या सायकली. आप्पांनी फॉर्म परत केला. आम्ही किती चिडलो होतो! सहा सायकली! तेव्हा म्हणाले होते, “स्टॉपवॉच दाबणारा एकदा खोटं बोलला की त्यानं सांगितलेली खरी वेळ पण कोण मानत नाही.” आम्हाला वेळ सांगताना त्यांनी कधी अर्धा सेकंद इकडचा तिकडं केला नाही. रडलं तरी नाही.

“अर्धं खरंच आहे की,” ते म्हणाले. “भरली मीच. रबर नाही ते मला दिसलं होतं. वास घ्यायला पाहिजे होता. घेतला नाही.”

“कारण मी हो म्हणाले!”

“मग? ते माझं काम होतं. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण.”

“तुमचं काय होईल?”

“मला शिकवायला बंदी घालतील. चार वर्षं, असं वकील म्हणाला. एकसष्ट चालू आहे मला. पासष्टला परत येईन.” त्यांनी बाटली रुमालात गुंडाळली. “तुझी दोन वर्षं आणि माझी चार सारखी नाहीत, पोरी. तुझी गेली ती गेली.”

“आणि बाकीच्या अकरा जणी?”

त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि परत बांधली.

“आप्पा, मी नाही म्हणणार. आत गेल्यावर मी खरंच सांगणार. बघा तुम्ही.”

“बरं,” ते म्हणाले. “तिथं गेल्यावर बघ. पण विजापूरला एकदा हो म्हणालीस. आज अजून एकदा म्हण, म्हणजे मिटलं.”

वकील झेरॉक्स घेऊन आले. आप्पा त्यांना खिडकीपाशी घेऊन गेले. वकिलांचा चेहरा मला दिसत होता. आधी कपाळाला आठी, मग डोळे मोठे, मग त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. लगबगीनं माझ्याकडं आले.

“अहो, हे आधी का नाही सांगितलं यांनी? आपण जिंकलो, रोहिणी. तुम्हाला माहीतच नव्हतं ना?”

मी आप्पांकडं बघितलं. ते शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसत होते.

आत तिघं होते. मध्ये निवृत्त न्यायाधीश, डावीकडं एक डॉक्टर, उजवीकडं एकेकाळी हॉकी खेळलेल्या बाई. सगळं हिंदीत आणि इंग्रजीत चाललं होतं. आप्पांची हिंदी म्हणजे मिरजेच्या बाजारातली. ते उभे राहिले, रुमाल सोडला, बाटली टेबलावर ठेवली आणि रबराची पद्धत सांगितली. मग म्हणाले, ही बाटली मी पोत्यातून काढली, गडबडीत धुवायची राहिली, मीच भरली. पोरीचा काही दोष नाही.

हॉकीच्या बाई पुढं झुकल्या. “नियम तुमचा. रबर लावणारे तुम्ही. तीस वर्षं तुम्ही हे करताय. आणि नेमके तुम्हीच विसरलात?”

“विसरलो, मॅडम.”

“आठ महिने का बोलला नाहीत?”

ह्याची तयारी आप्पांनी केली नव्हती. मला ते दिसलं. त्यांच्या मानेवर घाम आला, त्या थंडीत.

“भ्यालो,” ते म्हणाले.

तो माझा शब्द होता. माझ्याबद्दलचा शब्द त्यांनी स्वतःला लावून घेतला आणि तिघांपैकी कुणालाही शंका आली नाही. डॉक्टरांनी तुच्छतेनं मान हलवली. हॉकीच्या बाई काहीतरी लिहायला लागल्या आणि त्यानंतर त्यांनी आप्पांकडं परत बघितलं नाही.

न्यायाधीश माझ्याकडं वळले. “हे खरं आहे? बाटली यांनी भरून दिली आणि ती धुतलेली नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी ‘नाही’ म्हणणार होते. देवाशपथ सांगते, तोंडात शब्द तयार होता. आणि मला तो विजापूरचा चढ दिसला, पुढच्या दोघींची चाकं, मागनं लुनावरून ओरडणारे आप्पा, आणि फेब्रुवारी, आणि नारळ हातात घेऊन परत आलेली आई. दोन वर्षं म्हणजे पंचवीस. पंचविसाव्या वर्षी मला सायकलवर कोण घेणार होतं?

“हो,” मी म्हणाले.

आप्पांनी श्वास सोडला. शर्यत संपल्यावर सोडायचे तसाच.

तीन आठवड्यांनी निकाल आला. माझी बंदी झाली तेवढ्यात संपली. आप्पांना वेगळी नोटीस आली, त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही, चार वर्षं स्वीकारली. पोरींना शिकवायचं नाही, क्लबच्या कुठल्या कामात हात घालायचा नाही. नियम म्हणजे नियम, पहाटे ते दुकानाच्या पायरीवरसुद्धा यायचे नाहीत, कुणी लपून शिकवतात म्हणायला नको म्हणून. दोन-तीन महिन्यांत आमच्या बारापैकी सात पोरी घरी बसल्या. त्यांच्या घरच्यांनीच काढून घेतल्या. वर्तमानपत्रात बातमी आलेली की मिरजेच्या कोचनं खेळाडूला न सांगता औषध पाजलं.

फेब्रुवारीत माझी निवड झाली. मार्चमध्ये आशियाई स्पर्धेत मी दुसरी आले. रौप्यपदक घेऊन स्टेशनवरून थेट दुकानात गेले, घरीसुद्धा गेले नाही.

आप्पा चाकाला आरे घालत बसले होते. एक गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं, कुणीतरी पोक्त, पांढरी टोपी घातलेलं. आप्पांनी पदक हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि पहिला प्रश्न तोच, जो ते नेहमी विचारायचे.

“वेळ किती?”

मी सांगितली. त्यांनी डोळे मिटून मनात हिशेब केला. “चढावर पावणेदोन मिनिटं वाचवलीस,” म्हणाले. “छान.”

“तूच ती हाक्केंची पोरगी का?” टोपीवाल्यानं विचारलं. “पेपरात फोटो बघितला. अभिमान आहे बघा आम्हाला.” मग आप्पांकडं हनुवटी करून, हसत, “पण बाई, ह्यांच्याकडं परत कशाला आलीस? एकदा पाजलं ते कमी झालं? आता ह्यांच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नको हं.”

मी तोंड उघडलं. आत्ताच्या आत्ता सांगायचं, ह्या एकाला तरी. नुसतं एक वाक्य तर होतं. पदक आप्पांच्या हातात होतं, माझं नाव पेपरात होतं, सोमवारी रेल्वेत कायम झाल्याचा कागद मिळणार होता. मी तोंड मिटलं.

आप्पा मोठ्यानं हसले. खरंच हसले, त्या माणसाबरोबर. मग उठून कोपऱ्यातल्या थर्मासमधला चहा ग्लासात ओतला, माझ्यापुढं धरला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले,

“घे. धुतलाय.”

टोपीवाला माझ्या हाताकडं बघत होता. मी ग्लास घेतला. चहा कढत होता, जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. तरी मी थांबले नाही. त्या माणसाला दिसेल असा, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि ग्लास उलटा करून त्याच्यापुढं ठेवला. त्यापलीकडं काही करायची हिंमत त्या दिवशी माझ्यात नव्हती आणि नंतर, आप्पा होते तोवर, कधी आली नाही.